बी.एम.एस.चा मुकादम : नेटवर्क कंट्रोल मॉड्यूलची ओळख, जोडणी आणि दुखणी

मित्रांनो, आर.एस.-४८५ हा विषय आपल्याला परीक्षेत फार तर शॉर्ट नोटला येतो. दोन तारांमधल्या फरकावर चालणारा सिग्नल, ३२ लोड, १२०० मीटर, दोन टोकांना १२० ओहम, एवढं लिहिलं की मार्क पक्के. मीही तेच लिहून पास झालो. पण गेल्या उन्हाळ्यात इन-प्लांट ट्रेनिंगला पुण्याजवळच्या एका नव्या हॉस्पिटलच्या इमारतीत होतो, तेव्हा याच चार ओळींनी मला पाच दिवस रडवलं. वहीत ज्या ओळीखाली मी लाल पेनाने रेघ मारली होती, तीच चूक भिंतीवरच्या डब्यात बसलेली होती आणि मला ती दिसली नाही. ज्युनिअर्सचे तेवढे पाच दिवस तरी वाचावेत, म्हणून हा लेख.

मुकादम म्हणजे कोण?

मोठ्या इमारतीत एअर हँडलिंग युनिट म्हणजे ए.एच.यू., चिलर, पंप, कूलिंग टॉवर, पाण्याच्या टाक्या अशी बरीच यंत्रं असतात. प्रत्येक यंत्रापाशी एक छोटा कंट्रोलर बसवलेला असतो. त्याला साइटवर सगळे डी.डी.सी. म्हणतात, म्हणजे डायरेक्ट डिजिटल कंट्रोलर. तो रिटर्न एअरचं तापमान वाचतो, सेट पॉइंटशी ताडून पाहतो आणि थंड पाण्याचा व्हॉल्व्ह ० ते १० व्होल्टच्या सिग्नलने कमी-जास्त उघडतो. आपण थिअरीत शिकतो तो पी.आय. लूप इथे प्रत्यक्ष चालतो.

हे डी.डी.सी. म्हणजे शेतात काम करणारे गडी, आणि नेटवर्क कंट्रोल मॉड्यूल म्हणजे त्यांचा मुकादम. मुकादम स्वतः कुदळ मारत नाही. कोण हजर, कोण गैरहजर, कोणाचं किती काम झालं याची तो नोंद ठेवतो, सकाळी किती वाजता कामाला लागायचं ते सांगतो, आणि काही बिघडलं की मालकाला कळवतो. मॉड्यूलची कामंही हीच: वेळापत्रक चालवणं, दर काही मिनिटांची ट्रेंडची नोंद ठेवणं, अलार्म पुढे पाठवणं, आणि खालच्या दोन तारांवरची भाषा वरच्या इथरनेटवर नेऊन ऑपरेटरच्या पी.सी.पर्यंत पोचवणं.

इथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. मुकादम एक दिवस रजेवर गेला म्हणून शेतातलं काम थांबता कामा नये. तापमानाचा लूप डी.डी.सी.मध्येच ठेवायचा, मॉड्यूलमध्ये नाही. म्हणजे नेटवर्क पडलं तरी खोली थंड राहते. पण याची दुसरी बाजूही आहे. नेटवर्क पडलं की खोली थंड राहते खरी, पण ती थंड आहे की नाही हे वर कुणालाच कळत नाही. या वाक्याकडे आपण पुन्हा येणार आहोत.

थोडा इतिहास

या सगळ्या धंद्याची सुरुवात एका मास्तराने केली, हे आपल्या प्राध्यापकांना आवडेल. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यातल्या व्हाइटवॉटर गावी वॉरन जॉन्सन नावाचे प्राध्यापक शिकवत. तापमान बघायला शाळेचा शिपाई वर्गावर्गात यायचा आणि मग तळघरातल्या डँपरशी जाऊन तो कमी-जास्त करायचा. जॉन्सन यांनी यावर उपाय म्हणून विजेवर चालणारा खोलीतला थर्मोस्टॅट तयार केला. त्याचं पेटंट १८८३ सालचं, आणि १८८५ साली मिलवॉकीत त्यांची कंपनी उभी राहिली. पुढे हवेच्या दाबावर चालणारे कंट्रोल आले, मग इलेक्ट्रॉनिक, मग मायक्रोप्रोसेसर.

१९८०च्या दशकात अडचण अशी झाली की प्रत्येक कंपनीची भाषा वेगळी. एकदा एका कंपनीचा माल घेतला की इमारत पाडेपर्यंत तिच्याच दारात जायचं. म्हणून अश्रे या अमेरिकन संस्थेने १९८७ साली एका सामाईक भाषेवर काम सुरू केलं आणि १९९५ साली ती प्रमाणित केली. तिचं नाव बॅकनेट, स्टँडर्ड क्रमांक १३५. २००३ साली तिला आय.एस.ओ. १६४८४-५ हा आंतरराष्ट्रीय क्रमांक मिळाला. आम्ही ज्या साइटवर होतो तिथे खालच्या दोन तारांवर बॅकनेटचाच एम.एस.टी.पी. हा प्रकार होता. पुढचं सगळं त्याच्याबद्दल आहे.

पंगत आणि लोणच्याची बरणी

एम.एस.टी.पी. म्हणजे मास्टर-स्लेव्ह टोकन पासिंग. दोनच तारा आणि त्यावर वीस-पंचवीस कंट्रोलर. सगळे एकदम बोलले तर गोंधळ. मग ठरवलं की टोकन ज्याच्या हातात त्यानेच बोलायचं.

पंगतीत लोणच्याची बरणी फिरते तसंच हे आहे. बरणी ज्याच्याकडे आली त्याने वाढून घ्यायचं आणि शेजाऱ्याकडे सरकवायची. शेवटच्याने ती परत पहिल्याकडे द्यायची. मधेच कोणी नवीन पाहुणा येऊन रिकाम्या पाटावर बसला असेल तर? म्हणून प्रत्येक जण साधारण ५० वेळा बरणी हातात आली की एकदा पुढच्या रिकाम्या पाटाकडे बघून "आहे का कोणी?" असं विचारतो. या हाकेला पोल फॉर मास्टर म्हणतात. आणि बरणीच हरवली तर? लाइनवर ५०० मिलिसेकंद शांतता झाली की कंट्रोलर आपापल्या नंबरप्रमाणे थोडं थोडं थांबतात आणि सगळ्यात लहान नंबरवाला नवीन टोकन तयार करतो.

पाटांचे नंबर म्हणजे मॅक अ‍ॅड्रेस. मास्टरसाठी ० ते १२७, स्लेव्हसाठी १२८ ते २५४, आणि २५५ म्हणजे सगळ्यांना उद्देशून मारलेली हाक. रिकाम्या पाटांना हाका मारत कितव्या नंबरापर्यंत जायचं ते मॅक्स मास्टर या सेटिंगवर ठरतं. कंपनीकडून ते बहुधा १२७ येतं.

आता वेगाचा हिशोब करू. टोकनची फ्रेम ८ बाइटची. स्टार्ट आणि स्टॉप धरून एका बाइटला १० बिट. म्हणजे ८० बिट. ३८४०० बॉडला याला २.०८ मिलिसेकंद लागतात आणि ९६०० बॉडला ८.३३. आमच्याकडे २२ डी.डी.सी. आणि १ मॉड्यूल असे २३ जण. कोणी एक शब्दही न बोलता नुसती बरणी फिरवली, तरी ३८४०० ला सुमारे ४८ मिलिसेकंद आणि ९६०० ला सुमारे १९२ मिलिसेकंद. मधली थांबण्याची वेळ आणि प्रत्यक्ष डेटा वेगळाच. यावरून बॉड रेट आणि कंट्रोलरची संख्या का बघायची ते कळेल.

जोडणी : क्रमाने करा, घाई करू नका

आमच्या साइटवर एक सिनिअर टेक्निशिअन होते. त्यांना सगळे मामा म्हणत. डिग्री नाही, पण साइटवर चाळीस वर्षं. त्यांनी शिकवलेला क्रम माझ्या भाषेत देतो.

१. आधी कागद. कुठला डी.डी.सी. कुठल्या मजल्यावर, त्याचा मॅक अ‍ॅड्रेस काय, ट्रंक कुठून कुठे जाते, याचा तक्ता करा. आमचा तक्ता असा होता: तळघर १ व २, तळमजला ३ ते ५, पहिला मजला ६ ते ८, दुसरा ९ ते ११, तिसरा १२ ते १५, चौथा १६ ते १९, पाचवा २० ते २२. मॉड्यूल तळघरात, त्याचा अ‍ॅड्रेस ०.

२. मग केबल. पीळ दिलेली शिल्डेड जोडी घ्या. एका डी.डी.सी.तून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात अशी माळेसारखी ओवा. मधेच फांद्या फोडू नका. प्लस ते प्लस, मायनस ते मायनस. शिल्ड सगळीकडे एकमेकांना जोडत न्या, पण अर्थिंग एकाच ठिकाणी करा. तिसरी रेफरन्सची तार असेल तर तीही ओढा, कारण आर.एस.-४८५चा रिसिव्हर कॉमन मोडमध्ये उणे ७ ते अधिक १२ व्होल्टपर्यंतच सहन करतो.

३. पॉवर. बरेच डी.डी.सी. २४ व्होल्ट ए.सी.वर चालतात. ए.सी.ला कसली आलीय पोलॅरिटी, असं आपल्याला वाटतं. पण आत हाफ वेव्ह रेक्टिफायर असेल आणि एकाच ट्रान्सफॉर्मरवर दोन डी.डी.सी. असतील, तर एकाच्या तारा उलट्या झाल्या की ग्राउंडमधून ट्रान्सफॉर्मर शॉर्ट होतो. फ्यूज गेला तर नशीब, नाहीतर कम्युनिकेशनचा पोर्ट जातो. एकच रंग सगळीकडे एकाच टर्मिनलला, हा नियम पाळा.

४. दोन टोकं. ट्रंकच्या फक्त पहिल्या आणि शेवटच्या टोकाला १२० ओहमचं टर्मिनेशन. बऱ्याच डी.डी.सी.वर त्यासाठी छोटा स्विच असतो, त्याला एंड ऑफ लाइन स्विच म्हणतात. मधल्या प्रत्येकाचा स्विच ऑफ आहे हे डोळ्यांनी बघा. कोणाच्या तोंडी सांगण्यावर जाऊ नका.

५. मॉड्यूलची वरची बाजू. आय.पी. अ‍ॅड्रेस, सबनेट मास्क, गेटवे हे हॉस्पिटलच्या आय.टी. विभागाकडून लेखी घ्या. बॅकनेट आय.पी.चा नेहमीचा यू.डी.पी. पोर्ट ४७८०८. हा आकडा कुठून आला? हेक्साडेसिमलमध्ये लिहून बघा, बी-ए-सी-झिरो येतं!

६. मॉड्यूलची खालची बाजू. ट्रंकला स्वतःचा नेटवर्क नंबर द्या. तो सगळ्या इमारतीत दुसऱ्या कुठल्याही ट्रंकला नको. प्रत्येक डी.डी.सी.चा डिव्हाइस इन्स्टन्स ० ते ४१९४३०२ मधला कुठलाही, पण पूर्ण नेटवर्कमध्ये एकमेव. आमच्याकडे सोपी पद्धत होती: नेटवर्क नंबर २००१ आणि मॅक ११, तर इन्स्टन्स २००१११. आकडा बघितला की डब्याचा पत्ता कळतो.

७. स्कॅन. मॉड्यूलमधून "हू इज" म्हणजे "कोण आहे?" अशी हाक द्या. प्रत्येक जण "आय अ‍ॅम" म्हणून हजेरी देतो. हजेरी तक्त्याशी ताडा. २२ हवेत तर २२ च.

८. पॉइंट टू पॉइंट. स्क्रीनवर व्हॉल्व्ह ५० टक्के दिसतो म्हणजे तो ५० टक्के उघडला असं नाही. एकाने स्क्रीनसमोर बसा, दुसऱ्याने व्हॉल्व्हपाशी उभं राहा. कंटाळवाणं आहे, पण याला पर्याय नाही.

९. शेवटी बॅकअप. घड्याळ बरोबर लावा, डेटाबेसची एक प्रत मॉड्यूलच्या बाहेर ठेवा, आणि कंपनीचा पासवर्ड बदला. बी.एम.एस. थेट इंटरनेटवर उघडी ठेवू नका. जुन्या बॅकनेट आय.पी.मध्ये माहिती उघडीच जाते. एन्क्रिप्शन असलेला बॅकनेट सिक्युअर कनेक्ट हा प्रकार २०१९ साली आला, पण जुन्या इमारतींत तो नसतो.

पाचव्या मजल्याचं दुखणं

आमची हजेरी २२ पैकी २२ आली. पेढे वाटायचे बाकी होते. दुसऱ्या दिवशी दुपारी २०, २१, २२ हे तिन्ही डी.डी.सी. ऑफलाइन. दोन-तीन मिनिटांनी आपोआप परत. मग पुन्हा गेले. सकाळी आणि रात्री सगळं छान, दुपारी हा खेळ.

पाचव्या मजल्यावर काय होतं? ऑपरेशन थिएटर. थिएटरमध्ये बाहेरच्या कॉरिडॉरपेक्षा हवेचा दाब थोडा जास्त ठेवतात, म्हणजे दार उघडलं तरी बाहेरची धूळ आत येत नाही. तो दाब कमी झाला की डी.डी.सी. अलार्म देतो. हॉस्पिटल सुरू व्हायला दहा दिवस होते.

मी काय केलं ते आता सांगतो, आणि हे लिहिताना बरं वाटत नाही. मी आधी २२ नंबरचा डी.डी.सी. बदलला. फरक नाही. मग २१ बदलला. फरक नाही. तिसऱ्या दिवशी कंटाळून मी मॉड्यूलमध्ये ऑफलाइन अलार्मची वाट बघण्याची वेळ ३० सेकंदांची १० मिनिटं केली. झालं! डी.डी.सी. दोन-तीन मिनिटांसाठीच जात होते, त्यामुळे अलार्म यायचे बंद. स्क्रीन हिरवीगार. हॉस्पिटलचे मेन्टेनन्स इंजिनिअर येऊन बघून गेले, "छान चाललंय" म्हणाले. मी मान हलवली.

संध्याकाळी मामा आले. त्यांनी स्क्रीनकडे बघितलंच नाही. ट्रेंड उघडला, थिएटरच्या दाबाचा आलेख. रेघ छान सरळ, पण दुपारी मधे मधे भोकं.

"ही काय रे?"

"मामा, तेवढा वेळ डेटा येत नाही. पण लूप डी.डी.सी.तच आहे ना, ए.एच.यू. चालूच राहतं."

"ते मला माहीत आहे. ह्या भोकात दाब किती होता, सांग."

मला सांगता येईना.

"आत टेबलावर माणूस झोपलेला असला, तर तेव्हा काय सांगशील?"

मी गप्प. मामांनी आवाज चढवला नाही. एवढंच म्हणाले, "अलार्मचं तोंड दाबणं म्हणजे दुरुस्ती नाही बाळा. उद्या सकाळी त्या साहेबांना तू स्वतः सांगायचंस. आत्ता मीटर काढ."

मीटर काय म्हणाला

पॉवर बंद केली, मॉड्यूलच्या बायसचा जंपर काढला (तो राहिला तर रीडिंग काही ओहम कमी येतं) आणि प्लस-मायनसमध्ये मल्टिमीटर लावला. दोन टोकांना १२० ओहम समांतर, म्हणजे ६० यायला हवेत. केबलचा रेझिस्टन्स धरून थोडे वर. आले ४२.

मामा माझ्याकडे बघत राहिले. मग माझ्या डोक्यात उजेड पडला. १२० भागिले ३ बरोबर ४०. कुठेतरी तिसरं टर्मिनेशन आहे!

"पण तेवढ्याने काय होतं?" मी विचारलं. याचं उत्तर मामांनी दिलं नाही, ते मी रात्री वहीवर काढलं. तेच इथे देतो, कारण परीक्षेत हे कोणी विचारत नाही.

लाइनवर कोणीच बोलत नसतं तेव्हा दोन तारा मोकळ्या सुटतात. त्या वेळी रिसिव्हरने काय वाचायचं? आर.एस.-४८५ सांगतं की फरक अधिक २०० मिलिव्होल्टच्या वर असेल तर नक्की १, उणे २०० च्या खाली असेल तर नक्की ०, आणि मधे काहीही. म्हणून मॉड्यूलमध्ये बायस देतात: प्लस तार ५१० ओहममधून ५ व्होल्टला, मायनस तार ५१० ओहममधून शून्याला. म्हणजे साधा व्होल्टेज डिव्हायडर.

दोन टर्मिनेशन असताना: ५ × ६० ÷ (५१० + ६० + ५१०) = ०.२७८ व्होल्ट, म्हणजे २७८ मिलिव्होल्ट. २०० च्या वर. ठीक.

तीन टर्मिनेशन असताना: ५ × ४० ÷ (५१० + ४० + ५१०) = ०.१८९ व्होल्ट, म्हणजे १८९ मिलिव्होल्ट. २०० च्या खाली!

एवढाच फरक. पण या ८९ मिलिव्होल्टांनी लाइन "नक्की" मधून "काहीही" मध्ये ढकलली. सगळेच डी.डी.सी. का पडत नव्हते? नवीन रिसिव्हर असे बनवतात की मोकळ्या लाइनलाही ते १ समजतात. पाचव्या मजल्यावरचे तीन डी.डी.सी. जुन्या पद्धतीच्या रिसिव्हरचे होते, आणि बायसपासून सगळ्यात लांब. आणि दुपारीच का? कारण टेस्टिंगसाठी ए.एच.यू.चे पंखे दुपारी पूर्ण वेगाने चालवत. पंख्यांना व्हेरिएबल फ्रीक्वेन्सी ड्राइव्ह, म्हणजे व्ही.एफ.डी. होते. त्यांचा नॉइज लाइनवर चढला की काठावर बसलेला रिसिव्हर घसरायचा, खोटा स्टार्ट बिट वाचायचा, फ्रेम बिघडायची, बरणी सांडायची.

दुसऱ्या दिवशी मॉड्यूलचा पोर्ट सॉफ्टवेअरमधून बंद ठेवून, बायस चालू ठेवून, बाकी सगळे डी.डी.सी. बंद करून पाचव्या मजल्यावर मोजलं. १८५ मिलिव्होल्ट. वही आणि मीटर एकमेकांना भेटले तेव्हा झालेला आनंद मी आधी कधी अनुभवला नव्हता.

अर्ध्यात तोडा

आता तिसरं टर्मिनेशन शोधायचं कसं? २२ डबे उघडून बघायचे? दोन डबे तर छताच्या वर होते. मामांची पद्धत म्हणजे आपण डेटा स्ट्रक्चरमध्ये शिकतो ती बायनरी सर्च. फक्त त्यांना ते नाव माहीत नव्हतं.

पहिल्यांदा ११ आणि १२ च्या मधे ट्रंक सोडली. वरच्या बाजूला १२१ ओहम, म्हणजे एकच टर्मिनेशन, बरोबर. खालच्या बाजूला ६१, म्हणजे दोन. चोर खाली.

दुसऱ्यांदा ५ आणि ६ च्या मधे सोडली. १ ते ५ च्या बाजूला १२०, ते मॉड्यूलकडचं. ६ ते ११ या तुकड्यात एकही टर्मिनेशन नको, म्हणजे कित्येक किलो-ओहम यायला हवेत. आले १२०. चोर इथे.

तिसऱ्यांदा ८ आणि ९ च्या मधे. ६ ते ८ स्वच्छ. ९ ते ११ मध्ये १२०.

चौथ्यांदा १० आणि ११ च्या मधे. ११ नंबर. डबा उघडला, एंड ऑफ लाइन स्विच ऑन.

तो तिथे आला कसा? दुसऱ्या मजल्यापर्यंतचं काम आधी झालं होतं. तेव्हा ११ नंबर हाच शेवटचा होता आणि ज्याने स्विच ऑन केला त्याने बरोबरच केलं होतं. पुढे वरचे मजले जोडले गेले, ट्रंक लांबली, पण जुनं टोक आता टोक राहिलेलं नाही हे कोणी कागदावर लिहिलं नाही. २२ डब्यांत चार ठिकाणी तोडून चोर सापडला. जास्तीत जास्त पाच लागले असते, कारण दोनाचा पाचवा घात ३२ होतो.

स्विच ऑफ केला. रेझिस्टन्स ६१ ओहम. ट्रंक पुन्हा जोडली, पाचव्या मजल्यावर २७० मिलिव्होल्ट. आमच्या दोघांच्या लक्षात आलं होतं की पाचव्या मजल्यावर व्ही.एफ.डी.च्या पॅनेलमध्येही शिल्डला अर्थिंग दिलेलं आहे. मी पक्कड उचलली, मामांनी हात धरला. "एका वेळी एक. नाहीतर कशाने बरं झालं ते कधीच कळणार नाही." एक दिवस थांबलो. मॉड्यूलच्या एरर काउंटरमध्ये अजून तुरळक वाढ होत होती. मग ते जादा अर्थिंग सोडवलं. काउंटर जागच्या जागी थांबला. पुढचे दोन दिवस ट्रेंडमध्ये एकही भोक नाही.

नेहमीची दुखणी आणि कुठे हात घालायचा

प्रत्येक वेळी टर्मिनेशनच असतं असं नाही. मामांकडून गोळा केलेली बाकीची यादी:

पूर्ण ट्रंक मुकी : एखाद्या डी.डी.सी.चे प्लस-मायनस उलटे, किंवा कुठेतरी शॉर्ट. इथेही अर्ध्यात तोडा.

दोन डी.डी.सी. आळीपाळीने येतात-जातात : दोघांचा मॅक अ‍ॅड्रेस एकच. डिप स्विच बायनरीत वाचताना चूक झालेली असते. एकाची पॉवर काढा, दुसरा स्थिर झाला तर निदान पक्कं.

नवीन लावलेला डी.डी.सी. स्कॅनमध्ये येतच नाही : मॅक्स मास्टर बघा. कोणीतरी वेग वाढवायला ते २२ करून ठेवलं आणि तुम्ही २३ नंबर लावला. पंगतीत २२ व्या पाटावरूनच बरणी परत फिरते आहे, २३ ला कोणी हाकच मारत नाही. त्याला टोकन मिळत नाही, मग तो हजेरी देणार कशी?

एक सोडून सगळे ठीक : त्याचा बॉड रेट बघा. मग त्याचे २४ व्होल्ट बघा, तेही लोड चालू असताना.

लॅपटॉप लावला की बिघडतं, काढला की बरं : तुमच्या यू.एस.बी. कन्व्हर्टरच्या आत १२० ओहम असू शकतात. म्हणजे डॉक्टरच रोग घेऊन आला!

ट्रंक ठीक, पण वर पी.सी.वर काहीच नाही : आधी पिंग करा. पिंग येतं पण हजेरी येत नाही, तर पी.सी.चा फायरवॉल ४७८०८ अडवतोय का बघा. मॉड्यूल आणि पी.सी. वेगळ्या सबनेटमध्ये असतील तर "हू इज" ही ब्रॉडकास्टची हाक राउटर पलीकडे जाऊ देत नाही. त्यासाठी प्रत्येक सबनेटमध्ये एक बी.बी.एम.डी. लागतो. एकच. दोन ठेवले तर एकच हाक अनेकदा घुमत राहते.

शेवटचं

चौथ्या दिवशी सकाळी, चोर सापडायच्या आधीच, मी त्या मेन्टेनन्स इंजिनिअरांकडे गेलो होतो. म्हटलं, "सर, काल तुम्ही बघितलेली हिरवी स्क्रीन खोटी होती. अलार्मची वेळ मी वाढवली होती. दोष अजून सापडलेला नाही." वाटलं, आता ट्रेनिंगचं सर्टिफिकेट गेलं. ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी खिशातली डायरी काढली, थिएटरच्या तीन ए.एच.यू.चे नंबर लिहून घेतले आणि म्हणाले, "सापडला की मला दाखवायला ये. डबा कुठला होता तोही."

दोष गेल्यावर मी अलार्मची वेळ पुन्हा ३० सेकंद केली. मग त्यांना ११ नंबरच्या डब्यापाशी नेलं, ४२, ६१, १८५, २७० हे आकडे दाखवले. दरवाजाच्या आतल्या बाजूला त्यांनी माझ्याकडूनच एक कागद चिकटवून घेतला: "हा डी.डी.सी. ट्रंकचं टोक नाही. स्विच ऑफ." खाली तारीख.

तेव्हा ज्युनिअर मित्रांनो, या वर्षी आर.एस.-४८५ वर शॉर्ट नोट आली तर "दोन टोकांना १२० ओहम" हे लिहाच. पण लिहिताना एकदा स्वतःला विचारा, तिसरा लागला तर काय होईल? आणि साइटवर गेलात की स्क्रू ड्रायव्हरच्या आधी मीटर काढा. मीटरला मार्क नको असतात, तो खरंच सांगतो.